चालतात, पण कसे चालतात?



घरात कुणाला अर्धांगवायू झाला की भेटायला येणारे सगळे एकच प्रश्न विचारतात, "चलने लगे क्या?" महिन्या-दीड महिन्यात घरच्यांकडे उत्तर तयार असते, "हां, अल्हम्दुलिल्लाह, पकडके बाथरूम तक जाते." पाहुणे शुक्र अदा करतात, चहा होतो आणि घराच्या दृष्टीने आजार तिथेच संपतो. फिजिओथेरपिस्टची फी जड वाटू लागते. व्यायाम आज-उद्यावर जातो. अब्बा चालायला लागले, आता आणखी काय हवे?

शुक्र तर करायलाच हवा. पण 'चालतात' हे अर्धेच उत्तर आहे. दहा मीटर जायला किती सेकंद लागतात, कोणता पाय घासतो, वळताना तोल जातो का, हे कुणी विचारत नाही आणि कुणी लिहूनही ठेवत नाही. माणूस पुढे घरातच अडकून पडणार की मशिदीपर्यंत, शेतापर्यंत, लेकीच्या घरापर्यंत जाणार, याचा अंदाज मात्र याच गोष्टींवरून येतो. या महिन्यात त्याविषयी बोलू.

आधी शब्दांकडे पाहू. आपल्या घरांत या आजाराला कुणी लकवा म्हणते, कुणी फालिज. युनानी वैद्यकात लकवा म्हणजे चेहऱ्याचा एक भाग वाकडा होणे आणि फालिज म्हणजे शरीराची एक बाजू लुळी पडणे. फालिज ज्या अरबी धातूपासून आला त्याचा अर्थ दोन भाग करणे, दुभागणे असा आहे. मराठीतला 'अर्धांग' हा शब्दही तेच सांगतो. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा गुठळीने थांबतो किंवा तिथली रक्तवाहिनी फुटते. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूचे काम पाहते आणि उजवी बाजू डावीचे. म्हणून इजा ज्या बाजूला होते त्याच्या विरुद्ध बाजूचे हातपाय जातात.

हा शहरातल्या, बैठे काम करणाऱ्या लोकांचा आजार आहे असा आपल्याकडे समज आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 86 गावांतल्या मृत्यूंची कारणे घरोघरी जाऊन तपासली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 1,599 मृत्यूंपैकी 229 मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले. इतर कोणत्याही एका कारणापेक्षा हा आकडा मोठा होता. त्यातही दहापैकी जवळपास नऊ मृत्यू घरीच झाले होते. जे वाचतात त्यांचेही पुढचे सगळे दिवस घरातच जातात. आपल्या अजिंठ्याचेच पाहा. घाटी दवाखाना शंभर किलोमीटरच्या आसपास. सुट्टी मिळाल्यावर व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा तिकडे जाणे किती घरांना जमेल? म्हणजे रुग्णाच्या चालीवर नजर ठेवायची ती घरच्यांनीच.

पाहायचे काय? निरोगी माणूस पाऊल उचलतो तेव्हा घोट्यातून पंजा वर होतो, गुडघा वाकतो, टाच आधी टेकते आणि समोरचा हात आपोआप पुढे येतो. फालिजनंतर पंजा वर उचलणारे स्नायू कमजोर होतात. पंजा खाली लोंबतो आणि अंगठा फरशीला घासतो. गुडघाही नीट वाकत नाही. मग अडखळू नये म्हणून माणूस तो पाय कमरेतून उचलतो आणि विळा फिरवावा तसा बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे आणतो. काहींचा गुडघा भार पडताच झटक्याने मागे जातो. कमजोर पायावर भरवसा नसल्याने त्यावर क्षणभरच उभे राहून चांगला पाय घाईने टेकला जातो. हात छातीशी आखडलेला राहतो. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांचे आपल्याच डाव्या बाजूकडे लक्ष जात नाही. ते दाराच्या चौकटीला डावा खांदा धडकवत जातात आणि घरच्यांना वाटते, चष्म्याचा नंबर वाढला.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. चपलेचा तळ पाहा. एकाच चपलेचे टोक झिजले असेल तर तो पंजा घासतो आहे. चालण्याचा आवाज ऐका. दोन पावलांची लय सारखी आहे, की एक पाऊल 'टप' आणि दुसरे 'खर्र'? अंगणातल्या मऊ मातीवर उमटलेली पावले पाहा. डाव्या-उजव्या पावलांतले अंतर सारखे आहे का, पंजा बाहेर वळला आहे का, टाच उमटली आहे का? मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत हेच काम कॅमेरे आणि दाब मोजणाऱ्या पट्ट्या अधिक बारकाईने करतात.

चाल निरखणे आपल्या परंपरेला नवे नाही. सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला जी शिकवण देतात तिच्यात चाल मध्यम ठेवण्याचा उपदेश आहे. इमाम तिर्मिजी यांच्या 'शमाइल' या ग्रंथात तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चालण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते पाऊल ठामपणे उचलत आणि उतारावरून येत असावेत तसे चालत, असे सहाबांनी सांगितले आहे. सोबतच्या माणसांनी चाल इतक्या प्रेमाने पाहिली म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. आपल्या आईवडिलांच्या चालीकडे आपण एवढे लक्ष देतो का?

आता मोजणीकडे वळू. वेग हे चालीचे सगळ्यात सोपे आणि सगळ्यात बोलके माप आहे. गवंड्याकडचा टेप घ्या आणि ओसरीत, गल्लीत किंवा गच्चीवर सपाट जागी दहा मीटरवर खडूच्या दोन रेघा ओढा. दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर मोकळे ठेवा, म्हणजे पहिल्या रेघेपर्यंत चाल लागलेली असेल आणि दुसऱ्या रेघेवर ती मंदावणार नाही. रुग्णाला नेहमीच्या चालीने चालायला सांगा. पहिली रेघ ओलांडताच मोबाइलवरचे घड्याळ सुरू करा, दुसरी ओलांडताच बंद करा. मध्ये थोडा आराम देऊन तीनदा मोजा आणि सरासरी काढा. दहाला त्या सेकंदांनी भागले की वेग निघतो. घरात एवढी जागा नसेल तर पाच मीटर घ्या, पण मग दर वेळी पाचच घ्या.

या आकड्याचा अर्थ लावण्याची एक पद्धत अमेरिकेतल्या डॉ. जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मांडली आणि ती आजही वापरली जाते. सेकंदाला 0.4 मीटरपेक्षा कमी, म्हणजे दहा मीटरला 25 सेकंदांहून जास्त लागत असतील, तर माणसाचे चालणे बहुतेक घरापुरतेच राहते. 0.4 ते 0.8 च्या मध्ये असेल तर तो बाहेर पडतो, पण मर्यादित. 0.8 च्या वर, म्हणजे दहा मीटर साडेबारा सेकंदांच्या आत होत असतील, तर तो गावात, बाजारात बऱ्यापैकी मोकळेपणी फिरू शकतो.

आपल्या रोजच्या हिशेबात हे असे बसते. मशीद घरापासून दोनशे मीटरवर आहे असे धरा. 0.8 च्या वेगाने सव्वाचार मिनिटांत पोहोचता येते. 0.4 च्या वेगाने सव्वाआठ मिनिटांच्या थोडे वर लागतात. वेग 0.2 असेल तर जवळजवळ सतरा मिनिटे. अजान ऐकताच निघाले तरी जमात उभी राहिलेली असेल, आणि तेही वाटेत दम लागला नाही तर. दहा मीटर रुंद रस्ता 0.4 च्या वेगाने ओलांडायला पंचवीस सेकंद लागतात. आपल्या गावाजवळून जाणाऱ्या जळगाव रस्त्यावरच्या ट्रक आणि बस पंचवीस सेकंद थांबत नाहीत. "अब्बा आता चालतात" असे म्हणताना हा हिशेब डोळ्यांसमोर असावा.

दुसरी चाचणी खुर्चीची. हात असलेल्या भक्कम खुर्चीवर बसवा आणि तीन मीटरवर रेघ ओढा. उठायचे, रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. या सगळ्याला लागलेला वेळ लिहा. वयस्कर माणसाला साधारण चौदा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. फालिजच्या रुग्णाला सुरुवातीला बराच जास्त वेळ लागेल, त्याने घाबरून जाऊ नका. मागच्या वेळेपेक्षा तो कमी झाला का, एवढे पाहा. उठताना आणि वळताना तोल कसा राहतो हेही इथेच दिसते, कारण पुष्कळ माणसे सरळ चालताना नव्हे तर वळताना पडतात.

शाळेत शिकवणाऱ्यांना 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' हा शब्द पाठ असतो. वार्षिक परीक्षेच्या एका दिवसावरून मूल जोखू नये, वर्षभर त्याच्या नोंदी ठेवाव्यात, हा त्यामागचा विचार. रुग्णाच्या चालीलाही तोच लागू होतो. एका दिवसाचा आकडा फार काही सांगत नाही. त्या दिवशी झोप झाली नसेल किंवा पाय आखडला असेल. एक साधी शंभर पानी वही घ्या आणि दर जुम्म्याला ठरलेल्या वेळी, त्याच जागेवर, तीच चप्पल आणि तीच काठी घेऊन मोजा. पाच गोष्टी लिहा: दहा मीटरला किती सेकंद, किती पावले, कशाचा किंवा कुणाचा आधार, पंजा घासला का, आणि या आठवड्यात कितीदा पडले किंवा पडता पडता वाचले. महिन्यातून एकदा समोरून आणि बाजूने मोबाइलवर चित्रण करा. घरातल्या स्त्रीचे चित्रण मुलीने किंवा सुनेने करावे आणि ते डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्यापलीकडे जाऊ देऊ नये. नातेवाइकांच्या गटावर टाकण्याची ती गोष्ट नाही.

मोजताना काळजीही घ्यायची आहे. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिल्याशिवाय यातले काही करू नका. पहिल्याच दिवसापासून जितके जास्त चालवू तितके चांगले, असेही नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासात, पहिल्या चोवीस तासांत फार लवकर आणि फार जास्त हालचाल करून घेतलेल्या रुग्णांचा निकाल उलट काहीसा कमीच भरला. चक्कर, छातीत दुखणे किंवा वाढलेले बीपी असेल त्या दिवशी मोजणी नको. सोबत चालणाऱ्याने कमजोर बाजूला, किंचित मागे राहावे. हाताला धरून ओढू नये, कमरेला पट्टा बांधून तो धरावा. लुळा हात ओढला की खांद्याचे दुखणे मागे लागते.

घाई का करायची? डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या अभ्यासात 804 रुग्णांचे चालणे आठवड्याआठवड्याला तपासले गेले. शंभरातल्या पंच्याण्णव जणांनी आपली सर्वांत चांगली चाल पहिल्या अकरा आठवड्यांत गाठली होती. म्हणजे हे पहिले तीन महिने सोन्याचे आहेत. नेमके हेच दिवस आपल्याकडे कुणी सांगितले म्हणून जंगली कबुतराचे रक्त चोळण्यात आणि गावोगावच्या 'लकव्याच्या दवे'मागे धावण्यात जातात. दुआ जरूर करा, पण इलाज करण्याचा हुकूमही आपल्याला दिलेला आहे. आणि तीन महिने उलटले म्हणून दारही बंद होत नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात 408 रुग्ण होते. काहींना वजन पेलणाऱ्या यंत्रासह ट्रेडमिलवर चालवले, काहींकडून फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन व्यायाम करून घेतला. वर्षअखेरीस निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांची चाल सुधारली होती आणि महागडे यंत्र घरच्या व्यायामापेक्षा वरचढ ठरले नाही. सहा महिन्यांनी सुरुवात केलेल्यांनाही फायदा झाला. त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त जण वर्षभरात एकदा तरी पडले होते, हेही विसरू नका.

मग फिजिओथेरपिस्ट कशाला, आम्हीच करू, असे कुणी म्हणेल. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1,250 रुग्णांवर हेच करून पाहिले गेले. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करवून घेतला. 2017 मध्ये निष्कर्ष आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत शंभरातले 47 रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते. घरच्यांच्या शिकवणीने फरक पडला नव्हता. याचा अर्थ घरच्यांची मेहनत व्यर्थ असा घेऊ नका. जाणकाराची जागा मात्र आपण घेऊ शकत नाही. आपण त्याला नीट माहिती देऊ शकतो. महिन्यातून एकदाच फिजिओथेरपिस्टकडे जाणे परवडत असेल, तर त्या अर्ध्या तासात "बरं आहे" म्हणण्याऐवजी वही पुढे ठेवा. पंजा घासतो हे दिसले की तो घोट्यासाठी प्लास्टिकचा आधार सुचवेल. गुडघा मागे जातो हे दिसले की व्यायाम बदलेल. काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाशी येते का आणि काठी चांगल्या बाजूच्या हातात आहे का, हे तपासेल. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी, हे तो शिकवेल.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांची खिदमत हा सवाब मानला जातो, आणि तो आहेच. पण खिदमतीच्या नावाखाली आपण त्यांना बसवून ठेवतो. पाण्यासाठी उठू लागले की, "नक्को उठो, मैं लाती." दाराशी जायला निघाले की, "गिर जाएंगे, बैठो." दिवसातून वीस वेळा असे झाले की चालण्याच्या वीस संधी गेल्या. न वापरलेला पाय आणखी आखडतो. हातात ग्लास आणून देण्यापेक्षा शेजारी राहून माठापर्यंत सोबत करणे ही मोठी खिदमत आहे. तिला वेळ जास्त लागतो, एवढेच.

उलट स्त्री आजारी असेल तर वेगळेच घडते. दादी किंवा अम्मी चुलीपासून मोरीपर्यंत भिंत धरून जाऊ लागली की ती बरी झाली असे सारे धरून चालतात, कारण तिचे बाहेर जाणे आधीच कमी होते. तिच्या चालीची नोंद कुणी घेत नाही. तिलाही मैयतीला, लग्नाला, माहेरी जायचे असते. तिच्यासाठीही वही करा. सलवारची मोहरी आणि बुरख्याची कड घोट्याच्या वर राहील एवढी आखूड करा. पंजा घासणाऱ्या पायात लांब कपडा हमखास अडकतो.

नमाजचेही तसेच. उभे राहून जमत नसेल तर बसून, बसूनही जमत नसेल तर कुशीवर, ही सवलत प्रेषितांनी (स.) स्वतः सांगितलेली आहे. तोल जात असताना हट्टाने सजद्यात जाऊन डोके आपटून घेण्यात तक्वा नाही. खुर्चीवर पढायचे असेल तर ती लाकडी किंवा लोखंडी, हात असलेली आणि भिंतीला टेकवलेली असावी. प्लास्टिकची हलकी खुर्ची उठताना सरकते. वुजू बसून करावे आणि ओल्या फरशीवर रबरी चटई टाकावी. मशीद कमिट्यांनी वुजूखान्यात एक पकडायचा दांडा, दोन उंच बैठका आणि दाराच्या पायरीला उतार करून दिला, तर मोहल्ल्यातले दोन-चार बुजुर्ग जमातीत परत येतील. हा खर्च एका गालिच्याहून जास्त होत नाही.

शेवटी एक इशारा. वहीतला आकडा हळूहळू सुधारेल, कधी महिनाभर जागीच राहील, त्याने नाउमेद होऊ नका. पण चालणारा माणूस अचानक अडखळू लागला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात गळाला, तर मोजत बसू नका. तो दुसरा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. लगेच 108 ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते सांगा. आकडा आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू घसरत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कारण नव्या गोळीत, लघवीच्या संसर्गात किंवा साध्या उदासीतही सापडू शकते.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून येत्या जुम्म्यापासून सुरुवात करावी. टेप, खडू, वही आणि घरातले एक पोर, एवढे पुरे. सातवी-आठवीतली मुले सेकंद मोजण्यात आणि भागाकारात पक्की असतात. दादाजींचा वेग काढण्याचे काम त्यांच्याकडे द्या. पुढच्या वेळी कुणी "चलने लगे क्या?" विचारले तर तेच पोर सांगेल, "रमजानच्या आधी दहा मीटरला चाळीस सेकंद लागायचे, आता एकतीस लागतात."